पानातला केस

“पानात केस इलो की उठायचा. कोणाचो म्हणान इचारायचा नाय, आरडायचा नाय. घास तोंडात आसलो तरी काडून पानावर ठेवायचो नि हात धुवायचो. मग दुसऱ्या दिसापर्यंत पाणी.”

सासूने हे सांगितलं तेव्हा भाग्यलक्ष्मी नवी नवरी होती. सासू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी व्रताच्या पानावर बसलं की तो हलका, कुणाला दुखवायचं नसल्यासारखा आवाज तिच्या कानाशी येऊन बसायचा.

श्रावणातला बुधवार होता. सकाळपासून ती नवऱ्याबरोबर, यशवंतबरोबर, भात बेणायला, त्यातलं तण काढायला, वाकली होती. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात, पाठीवर प्लास्टिकची खोळ, खोळीच्या आत घाम आणि बाहेर पाऊस. दुपारी घरी येऊन तिने न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतलं, तुळशीला घातलं, देवाकडे दिवा लावला आणि मगच केळीचं पान मांडलं. श्रावणभर ती दिवसातून एकदाच जेवत होती. सुरय तांदळाचा भात, मुगाचं कढण, तायकिळ्याची भाजी. भात ऊन होता. पोटात पडताच डोळ्यांसमोरची अंधारी निवळायला लागली. तेवढ्यात जिभेवर काहीतरी आडवं आलं.

तिने दोन बोटं तोंडात घातली आणि ओढलं. ते संपेना. घशाच्या आतून सरकत सरकत एक लांब केस बाहेर आला. कढणाने बुळबुळीत झालेला, टोकाला भाताचं शीत चिकटलेलं. तिने घास पानावर ठेवला, पान दुमडलं आणि उठली.

यशवंत समोरच जेवत होता. आपल्या ताटात आला असता तर आपण काढून टाकला असता आणि जेवलो असतो, केसाने कुणी मरत नाही, असं तो म्हणाला. तिने हात धुतले. चुलीपाशी सुविधा, तिची सून, हातात पळी घेऊन उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. या श्रावणात भाग्यलक्ष्मी अशी कितीदा उठली होती हे दोघींनाही माहीत होतं.

हे व्रत मुलासाठी होतं. रुद्रेश डिचोलीकडे खाणीवर टिपर चालवायचा. चैत्रात टिपरचा मागचा फाळका निसटून त्याच्या पायावर बसला. डॉक्टर पाय काढायची गोष्ट बोलू लागले, तेव्हा भाग्यलक्ष्मी नार्व्याला गेली. नार्वे तिचं माहेर. सप्तकोटेश्वरासमोर उभी राहून ती म्हणाली होती, याचा पाय राहू दे, श्रावणभर मी एकभुक्त राहीन आणि शेवटच्या सोमवारी दोघा नवरा-बायकोला, घोवबायलेला, तुझ्या पायाकडे घेऊन येईन. पाय राहिला. आत लोखंडाची सळी होती, वर मांस जांभळं पडलं होतं, पण काठी घेऊन तो अंगणापर्यंत जात होता. म्हणजे देवाने आपलं केलं होतं. आता राहिलं होतं ते तिचं. ती मध्येच कोसळली, कुणी तिला दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं, की सगळं तिथेच मोडणार होतं. आणि अंग तर रोज थोडं थोडं खाली बसत होतं. बेणताना उठून उभी राहिली की शेत गोल फिरायचं.

स्वतः रांधायचं तर शेत पडत होतं. शेतात एकट्या यशवंतचा निभाव लागत नव्हता. रुद्रेश घरी बसल्यापासून वरखर्च सुविधाच्या कामावर चालला होता, आणि भाग्यलक्ष्मीला किळस होती ती त्याच कामाची.

सुविधा केरीला समुद्राजवळच्या एका पार्लरमध्ये जटा वळायची. चांगले सरळ केस घ्यायचे, बारीक कंगव्याने उलटे विंचरून त्यांचा गुंता करायचा, मग क्रोशाच्या सुईने तो गुंता आतल्या आत ओढत घट्ट वाती करायच्या. पावसात पार्लर प्लास्टिकने झाकून बंद झालं. पण पुण्याची एक मुलगी, सेजल नावाची, पाऊसभर केरीला खोली घेऊन राहिली होती. कॉम्प्युटरवर नोकरी करायची. तिला जटा हव्या होत्या. तेव्हा सुविधाने काम घरी आणलं. सकाळी ती न्हाऊन, रांधून मोकळी व्हायची आणि सेजल आली की सोप्यावर बसायची.

सेजल वाईट नव्हती. आली की “काकू” म्हणून हाक मारायची, चप्पल पायरीखाली काढायची. पण अर्धी चड्डी घालून पाय पसरून बसायची आणि त्या पायांवर पुरुषासारखे केस होते. काढत नाही का, असं शेजारच्या सुलोचनाने एकदा विचारलं, तर हसून म्हणाली, “आपलेच तर आहेत, काढायचे कशाला?” डोकं तिने आठवडाभर धुतलं नव्हतं. सुविधानेच सांगितलं होतं, तेल-पाणी लागलं की जट बसत नाही म्हणून. पावसाळी हवेत त्या डोक्याला ओल्या गोणपाटाचा वास यायचा. जेवायला बसली की एका हाताने उंडा पाव मोडून खायची आणि दुसऱ्या हाताने टाळू खाजवायची. मग तीच नखं दाताखाली.

आणि केस. उलट्या विंचरण्याने तुटलेले केस शेवरीच्या कापसासारखे उडायचे. जनेलाच्या गजांना, दोरीवरच्या ओल्या साडीला, देवाच्या फुलांच्या परडीला चिकटायचे. एकदा भाग्यलक्ष्मीने जास्वंद उचलली तर परागाला तपकिरी केसाचं वेटोळं बसलेलं. ते फूल तिने वाहिलं नाही.

नार्व्याला, लहानपणी, शेजारच्या घरातल्या बाईला जट होती. कुणी कंगवा लावायचं नाही, कुणी कापायचं नाही. पावसात ती वाळायची नाही. ती बाई ओणवी झाली की मानेवरून पोलक्यावर उवा उतरताना दिसायच्या. लोक तिला लांबून हात जोडायचे आणि जवळ कुणी बसायचं नाही. एकदा भाग्यलक्ष्मीच्या आईने ती जट उचलून धरली होती आणि खालची मान तिने पाहिली होती. ओली, पांढरी पडलेली, खरचटलेली. ते तिला कधी विसरता आलं नाही. त्या बाईने देवाचं म्हणून सोसलं. ही पोर स्वतःहून मागत होती, आणि मागून घेताना आरशात बघून हसत होती.

त्या बुधवारी संध्याकाळी भाग्यलक्ष्मीने सुनेला एवढंच सांगितलं की हे काम सोप्यावर नको, नारळाच्या खोपीत कर. सुविधाने मान हलवली. ती उलट बोलणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती खोपीत बसली. काम संपल्यावर विहिरीवर न्हायची, कामाचे कपडे बाहेरच ठेवायची, डोक्याला घट्ट फडकं बांधून चुलीकडे यायची.

शुक्रवारी पुन्हा केस आला.

तो सेजलच्यासारखा तपकिरी नव्हता. काळाभोर, जाड, हातभर लांब. सुविधाचा. तिची वेणी कमरेखाली जायची. सोयरिकीला आली तेव्हा गावातल्या, पार्सेच्या, बायका मागून येऊन वेणी बघून गेल्या होत्या. रविवारी भाग्यलक्ष्मी स्वतः ती वेणी सोडायची, घरच्या नारळाचं तेल मुळांना चोळायची, आणि वाडीतली आबोली गुंफून फाती माळायची. स्वतःला मुलगी नव्हती. हाताला त्या केसांचं वजन माहीत होतं. तेच केस आज घशात.

ती उठली. हात धुतले. पण या वेळी सासूचं पुरतं पाळणं तिला जमलं नाही. खोपीत जाऊन तिने सुविधाची पिशवी ओढून काढली. तांदळाच्या रिकाम्या गोणीएवढी ती पिशवी तिने आधी दोनदा पाहिली होती, आत काय ते विचारलं नव्हतं. तोंड सोडलं आणि हात घातला. हात मऊ मऊ कशात तरी रुतला. गुंतवळ. बायकांनी विंचरून काढलेले केस, पुंजके पुंजके, काळे, पिंगट, मेंदीने लाल झालेले, पांढरे. काहींना कोंडा, काहींना वाळून कडक झालेली उवांची अंडी. भांडी देऊन केस नेणाऱ्या बायकांकडून सुविधा ते घ्यायची, साबू लावून धुवायची आणि सेजलसारखीच्या आखूड केसांत वळवून जट लांबवायची.

भाग्यलक्ष्मीचा हात कोपरापर्यंत शहारला. कोणाकोणाच्या डोक्याचे. जिवंत कोणाचे, मेलेल्या कोणाचे. तिने तो हात अंगापासून लांब धरला आणि यशवंतला हाक मारली.

“ह्या जाळ.”

यशवंत म्हणाला, पोरीचं काम आहे ते, तिला विचारून तरी. तिने पिशवीकडे बोट केलं. त्याने अंगणाच्या कडेला नारळाची सोडणं रचली, पिशवी वर ठेवली आणि रॉकेल ओतलं. केस जळत नाहीत, ते आकसतात. चरचर आवाज करत ती गोणी आत आत ओढली गेली आणि काळा डांबरासारखा रस ओघळू लागला. पाऊस थांबला होता, वारा पडला होता. तो धूर वर गेलाच नाही. सोप्यावर आला, माजघरात शिरला, भाताच्या मडक्यावर, देवाच्या वस्त्रांवर बसला. भाग्यलक्ष्मी न्हाणीच्या दगडावर ओणवी झाली. पोटात काही नव्हतं. पिवळं कडू पाणी पडलं, मग तेही नाही, नुसतं पोट पिळवटत राहिलं. सुविधा मागून आली आणि तिने सासूचं कपाळ धरून ठेवलं. तिच्या हाताला साबणाचा वास होता. भाग्यलक्ष्मीला तो हातही नको झाला.

संध्याकाळी सुविधा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सेजलचं अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं होतं. रविवारी पुरं करून देते असं तिला सांगितलं होतं, आता घालायला केस नव्हते. हे ती तक्रारीसारखं बोलली नाही.

“आये, परत पानात केस येवचो नाय. मी बघतंय,” ती म्हणाली.

भाग्यलक्ष्मी वातींचा कापूस पिंजत होती. वर न बघता म्हणाली, “बघ.”

शनिवारी सकाळी भाग्यलक्ष्मी शेतात गेली तेव्हा सुविधा चूल फुंकत होती, डोक्याला फडकं होतं. दुपारी ती परत आली, न्हाली, दिवा लावला, पानावर बसली. सुविधा वाढायला वाकली आणि फडकं सरकलं.

आत केस नव्हते.

नुसते कापलेले नव्हते. मशीन फिरवलं होतं. कातडी दिसत होती, राखाडी, कानामागे ओरखडे पडलेली, पुढे भांगाच्या जागी थोडंसं कुंकू उरलेलं. फडकं सावरायला सुविधाने हात उचलला, मग तो तसाच राहिला.

भाग्यलक्ष्मीच्या हातातलं पाणी पानाबाहेर सांडलं. आतून रुद्रेशची काठी वाजली. त्याने सकाळीच पाहिलं होतं, असं नंतर कळलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. आता दारात येऊन म्हणाला, “आये, मी जिवंत आसंय मगो?”

कुणी हसलं नाही. यशवंत ताट सोडून मागीलदारी गेला.

सुविधा सांगत राहिली, हळू, खाली बघत. केरीला किती बायका ठेवतात असं. बऱ्या घरच्या, घोव असलेल्या. कुणी काही म्हणत नाही. वेणी कापली ती सेजलच्या कामाला लागेल, दिलेला शब्द राहील. मागे उरलेले आखूड केस गळतच राहिले असते, म्हणून तेही काढले. व्रत मोडू नये म्हणून. वाढतील परत.

भाग्यलक्ष्मीला तिचं म्हणणं कळत होतं. म्हणूनच जास्त शिसारी आली. घोवाच्या पायात अजून सळी आहे आणि बायको डोकं तासून चुलीकडे उभी. असं डोकं तिने एकदाच पाहिलं होतं, आजीच्या काळच्या एका विधवेचं, लाल आलवणाखाली. ते डोकं तिच्या मुलाच्या घरात. तिच्या भातावर वाकलेलं.

तिने पानाकडे पाहिलं. भात पांढरा, मोकळा, स्वच्छ होता. कढण गाळून घेतलेलं होतं. त्यात केस नव्हता. केस नसताना उठायचं असं सासूने सांगितलं नव्हतं. ती जेवली. प्रत्येक घास मातीसारखा फिरत राहिला, पाण्याबरोबर ढकलावा लागला. तिने सगळं पान संपवलं.

तिसऱ्या प्रहरी सुलोचना विरजण मागायला आली. सुविधा अंगणात भांडी घासत होती, फडकं ओलं होऊन मागे घसरलेलं. सुलोचना पायरीवर थबकली. विरजण विसरली. आत येऊन भाग्यलक्ष्मीच्या अगदी कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “रुद्रेश बरो आसा मगो?”

“बरो आसा. निजलो आसा.”

“नाय, म्हटला इचारूया.” तिने पदर तोंडाला लावला. जाताना सुविधाच्या बाजूने न जाता ती गोठ्याकडून वळसा घालून गेली. रात्र पडायच्या आत वाड्यावरच्या दोघी-तिघी काही ना काही मागायला येऊन गेल्या. भाग्यलक्ष्मीने सगळ्यांना मागतील ते दिलं.

रविवारी सेजल आली. सुविधाने खोपीत बसून तिचं अर्धं राहिलेलं डोकं वळून पुरं केलं. दुपारी सेजल बाहेर आली ती मान हलवत, जटा खांद्यावर आपटत. पुढच्या जटा तपकिरी होत्या आणि मागच्या टोकांना काळ्याभोर. उन्हाची तिरीप आली तेव्हा तो काळा भाग चमकला. तेलाने. घरच्या नारळाच्या. भाग्यलक्ष्मीने मान फिरवली. सेजल मात्र सुविधाच्या टाळूवरून हात फिरवत म्हणाली, “काकू, किती सुंदर दिसतेय ना ही? हिंमत लागते. आमच्याकडे बायका घाबरतात.”

भाग्यलक्ष्मीने त्या हाताकडे पाहिलं. कुणाच्याही पोरीसारखीच ही, डोळे चांगले, आणि तरी ती बोटं आपल्या सुनेचं डोकं चाचपताना बघून तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. “चा घे नि जा गो बाय, पाऊस येता,” ती म्हणाली.

आता श्रावणातला शेवटचा सोमवार उरला होता. आई, उद्या आपण जायचं नाही, असं रुद्रेशने रविवारी सांगून पाहिलं. तुझ्या माहेरचा गाव, मावश्या-माम्या सगळ्या रांगेत असणार. लोक आपल्याला बघून काय समजतील. आई वाती वळत राहिली. तेव्हा त्याने सुविधाच्या पार्लरच्या बाईला फोन केला आणि संध्याकाळी एक खोका आला. खोका त्याने आपल्या खोलीत ठेवला.

सोमवारी पहाटे भाग्यलक्ष्मी न्हाऊन, ओल्या केसांचा अंबाडा घालून देवाकडे उभी राहिली. नारळ, बेल, फुलं पिशवीत भरली. मागे बांगड्या वाजल्या. सुविधा हिरव्या साडीत उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. डोक्यावर केस. मऊ, खांद्यापर्यंत, तपकिरी झाक असलेले, मध्ये नीट भांग. भांगाच्या कडेला पांढरी जाळी कातडीसारखी दिसत होती. रुद्रेश तिच्यामागे काठीवर उभा होता, दाढी केलेला, धुतलेल्या लेंग्यात. त्याच्या तोंडावर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थोडी सुटका दिसत होती. सुविधाच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिने हातात आबोलीची फाती धरली होती. माळायला सासूकडे दिली.

भाग्यलक्ष्मी फाती घेऊन जवळ गेली. त्या केसांना हात लावला. थंड होते. खाली डोक्याची ऊब नव्हती. एक शिळा वास आला, कुठल्याशा शॅम्पूचा, कापराचा, आणि त्याच्या खाली घामाचा. हा घाम सुविधाचा नव्हता. तिच्या घामाचा वास भाग्यलक्ष्मीला माहीत होता. किती नवऱ्या मुलींनी लग्नात घालून परत दिलेलं हे. जळलेल्या गोणीचा वास तिच्या नाकात पुन्हा भरला.

“कोणाचे गो हे?”

“म्हायत नाय, आये. पार्लरचे.”

“काड.”

रुद्रेश मध्ये बोलला, आये, तू लोकांचा विचार कर. ती त्याच्याकडे वळली नाही. “कोणाच्या डोक्याचा घेऊन देवाकडे जावचा नाय. तुझा आसा ता घेऊन चल.”

सुविधाने दोन्ही हातांनी ते उचललं. खाली टाळूवर जाळीचे वळ उमटले होते, त्यावर दोन दिवसांची काळी खुंटं. भाग्यलक्ष्मीला ते बघवत नव्हतं. तिने फाती देवाच्या पाटावर ठेवली, बोटं ओल्या पंच्याला पुसली, आणि पिशवी उचलली.

यशवंत रिक्षा आणायला पुढे नाक्यावर गेला होता. नाक्यापर्यंत चालायचं होतं. बारीक पाऊस लागला होता. सुविधाने पदर वर ओढला, आणि सासू बघते आहे असं पाहून तो पुन्हा खांद्यावर सोडला. भाग्यलक्ष्मीने ओढ म्हटलं नाही, सोड म्हटलं नाही.

रुद्रेश काठी टेकत हळूहळू पुढे निघाला. सुलोचनाच्या घराचं जनेल उघडं होतं. पुढे आणखी घरं होती, सगळी रस्त्याच्या एकाच अंगाला. भाग्यलक्ष्मीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, घरांच्या आणि सुनेच्या मध्ये आली, आणि चालू लागली.